बेटावरून आणलेली तपेली

ग्रीस देशातल्या एका बेटावर मी नऊ दिवस राहून आले. बेटाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी नकाशा उघडून बसेल, त्याला तिथे जावंसं वाटेल, आणि ते पाप माझ्या माथी नको.

परत आल्यावर भेटेल तो विचारायचा, "कसं होतं हो?" मी सांगायचे, "पांढरं होतं आणि ऊन होतं." एवढ्यावर लोकांचं समाधान होत नसे. त्यांना निळा समुद्र हवा असायचा. बरं, समुद्र निळा होता. झालं?

मी दवाखान्यात स्टोअर सांभाळते. चादरी, बँडेजं, फिनेल, थर्मामीटर. आलेली वस्तू माझ्या यादीवर चढते, गेलेली उतरते, आणि मधे काही होत नाही. फिरण्याची हौस मला कधीच नव्हती. वणीच्या गडावर गेले तरी दर्शन झालं की मिळेल त्या पहिल्या एस.टी.ने परत. बेटावर मी गेले ती एका कामासाठी. धाकट्या भावाला एक प्रश्न विचारायचा होता: नानांचं दुकान चालवायला तू येणार की नाही? हो म्हण, नाहीतर नाही म्हण. एवढ्यासाठी माणसाला समुद्र ओलांडावा लागतो, यावरूनच आमचं घराणं कसं आहे ते कळावं.

नाना म्हणजे आमचे वडील. जुन्या नाशकात तांबटांच्या आळीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक भट्टी, एक ऐरण, भिंतीवर हातोड्यांची रांग आणि दिवसभर ठणठण. घागरी, बंब, तपेली, परात. भांडं घडवून झालं की शेवटी मठारायचं. तळाच्या मध्यापासून सुरुवात करून ओळीने ठोके मारत काठापर्यंत यायचं, म्हणजे भांड्याला बळ येतं आणि चमकही येते. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. समोरच्यांचा गोल, आमचा जरा लांबट, चिंचोक्यासारखा. नाना अंधारात अंगठा फिरवून सांगायचे, हे कोणाच्या घरचं.

आणि नानांची एक पद्धत होती. दुकानातून भांडं बाहेर जाताना ते रिकामं जाऊ द्यायचे नाहीत. त्यात मूठभर तांदूळ टाकायचे. तांब्याच्या भांड्याला दर काही महिन्यांनी कल्हई लागते, तेव्हा तांदूळ घालून दिलेल्या भांड्याचा अर्थ, "पुन्हा या, आपलं नातं चालू आहे." ज्या गिऱ्हाइकाशी बिनसलं त्याचं भांडं मात्र रिकामं परत जायचं. तोंडाने एक शब्द नाही. गिऱ्हाईक रिकाम्या भांड्यात बघायचं आणि काय ते समजायचं. लहानपणापासून मला हा प्रकार वेडगळ वाटत आला. इतक्या तांदळात घरातल्या माणसांचं एक वेळचं जेवण झालं असतं.

मग स्टील आलं. एकदा आलं ते थांबेचना. रुखवतात स्टील, शाळेच्या डब्याला स्टील, देवाच्या ताम्हनालासुद्धा स्टील. सत्तरनंतर आळीतली ठणठण एकेका दाराने गप्प होत गेली. त्याच सुमारास माझ्या भावाने डोकं चालवलं. पंचवटीत येणारे यात्रेकरू गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी घरी न्यायला छोटे गडू घेतात. त्याने पातळ पत्र्याचे, हाताच्या मुठीत मावतील असे गडू बनवले, दोन टोपल्या भरून. मठारलेले नाहीत, नुसते वळवलेले. नानांनी ते ऐरणीवर एकेक ठेवले आणि एकेका घावात चपटे केले. भर दुपारी, दार उघडं ठेवून, सगळ्या आळीसमोर. शेवटचा चपटा केल्यावर म्हणाले, "हमाल हो. त्यात तरी लाज नाही."

आठवड्याभरात भाऊ मुंबईला गेला, तिथून जहाजावर फिटर म्हणून. जहाज दुरुस्तीला त्या बेटावर लागलं, ते निघालं तेव्हा हा त्याच्यावर नव्हता. तिथल्या एका बाईशी त्याने लग्न केलं. बाप-लेकात त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. जे काही जायचं ते माझ्यामार्फत, आणि मी काही टपाल खात्यात नोकरीला नाही.

अशी दहा वर्षं गेली. रंगीत टीव्ही आले त्यानंतरच्या गणपतीत स्टीलच्या भांड्यांचा एक व्यापारी नानांकडे आला. जागा हवी होती. दसऱ्याला उत्तर द्या म्हणाला. नाना मला म्हणाले, "त्याला विचारून ये. तो बसणार असेल तर ठेवतो. नसेल तर देतो."

"पत्र लिहिते," मी म्हटलं.

"पत्रात माणूस काहीही लिहितो. तोंड बघून ये."

भावाला कळवलं. त्याने तिकीट पाठवलं. मी रजा टाकली, प्रश्नांची यादी केली आणि गणपती उठल्यावर निघाले. यादीतला पहिला प्रश्न तो मोठा, बाकीचे दहा चौकशीचे: काय खातो, दात कसे आहेत, बायको कशी आहे, देवपूजा होते का.

विमान, मग आठ तासांची बोट. बोटीवर सगळे आनंदात उन्हात भाजून घेत होते, जसे काही त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. धक्क्यावर भाऊ उभा होता. केस विरळ, पोट सुटलेलं, अंगात एक फाटका बनियन. त्याने वाकून नमस्कार केला. शेजारी त्याची बायको, काळे कपडे, भक्कम हाडापेराची. तिने माझे दोन्ही गाल चुंबले आणि म्हणाली, "ताई, खा."

"एवढंच येतं तिला," भाऊ म्हणाला.

"पुरेसं आहे," मी म्हटलं. "निदान तोंड बंद करायला तरी उपयोगी आहे."

पहिला प्रश्न मी तिथेच विचारणार होते. तो म्हणाला, "आधी बेट तर बघ, ताई. एवढी आलीस." नाशकातला माणूस दहा वर्षांत पंडा झाला होता.

तर मी बेट बघितलं. समुद्रकिनारा आधी. वाळू नाहीच. गोटे. त्या गोट्यांवर लोक पालथे पडलेले, अंगावर चिंधीसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. मी लुगडं सावरून, पायात चपला घालून, छत्री उघडून उभी.

"इथे कोणी कपडे घालत नाही का?"

"उन्हाळा आहे, ताई."

"उन्हाळा नाशकातही असतो."

"पाय तरी बुडव पाण्यात. पुण्य लागेल."

"पुण्य लागायला रामकुंड मेलंय का? आणि तिथे निदान कपडे काढतात ते आंघोळीला."

तो इतका हसला की एका उघड्या म्हाताऱ्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं. मी छत्री मधे धरली.

दुसऱ्या दिवशी त्याने डोंगरावरच्या गावात नेलं. भिंती चुन्याने पांढऱ्या, दारं निळी, मांजरं जिकडे तिकडे. दुपारी एक ते पाच सगळं गाव दारं लावून झोपतं. आमच्या दवाखान्यात वॉर्डबॉय हेच करतात, पण त्यांना बघायला कोणी बोटीने येत नाही. त्या गावची कला म्हणजे क्रोशा. म्हाताऱ्या दाराशी बसून रुमाल विणत होत्या आणि समोर दोरीवर शेकडो रुमाल टांगलेले. पर्यटक त्यांचे फोटो काढत होते. मी म्हातारीच्या मांडीवरच्या रुमालाच्या ओळी मोजल्या. अकरा. आठव्या दिवशी पुन्हा त्या गावावरून गेलो, तेव्हा पुन्हा मोजल्या. अकरा.

"टांगलेले खोक्यांतून येतात," भाऊ म्हणाला. "कारखान्यातून. हा फक्त हातात धरायचा."

"आणि लोकांना कळत नाही?"

"त्यांना कळून घ्यायचं नसतं, ताई."

यात्रेकरूला गंडवायचं कसं हे पंचवटीला कोणी शिकवायला नको. पण आमचा पंडा निदान दक्षिणा घेताना मंत्र तरी म्हणतो, चुकीचा का होईना.

कुंभारांच्या गावात मी एक सुरई उचलली आणि बोटाच्या पेराने ठोकून बघितली. कोणीही बघेल, माठ घेताना आवाज ऐकल्याशिवाय घेतो का आपण? कुंभार आतून ओरडत धावत आला. त्याला वाटलं मी फोडतेय. भावाने समजावलं, मग त्या दोघांचं काही बोलणं झालं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, वाजवायची गरज नाही. ह्यात पाणी ठरत नाही. शोभेची आहे."

पाणी न ठरणारी सुरई. मी ती जिथून उचलली तिथे ठेवली आणि हात पदराला पुसले. परतताना द्राक्षांचे मळे लागले. भाऊ कौतुकाने दाखवायला लागला. नाशकाच्या माणसाला द्राक्षं दाखवतोय! मी डोळे मिटून घेतले.

प्रश्न मी रोज विचारत होते. तो रोज टाळत होता. "बघू, ताई." "तिच्याशी बोलायचंय अजून." "तू खा आधी." आणि बायको ताबडतोब ताट पुढे करायची. "ताई, खा." तिच्या ताटात बहुतेक वेळा ती खारवलेली काळी फळं असायची, चव अशी की आवळ्याला राग यावा. मी मेतकूट-भात मागायचे. भात ती करायची, चिकट.

पण ज्याच्यासाठी मी ही सगळी दमछाक लिहितेय ते त्याचं दुकान. धक्क्यामागच्या गल्लीत, बायकोच्या बापाचं. तो बेटावरचा शेवटचा तांबट. मुलगा नव्हता. भाऊ जहाजावरून उतरून त्या दारात उभा राहिला, म्हाताऱ्याच्या हातातला हातोडा बघितला आणि आत जाऊन बसला. म्हातारा गेल्याला आता चार वर्षं झाली होती. दुकान पर्यटकांनी भरलेलं. फळीवर तांब्याची भांडी चकाकत होती. मी एक उचललं, पालथं केलं, तळावर अंगठा फिरवला.

लांबट ठोका. चिंचोक्यासारखा.

"हे काय लिहिलंय पाटीवर?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "बेटाची प्राचीन पारंपरिक कला."

"कोणत्या बेटाची?"

"ताई, हळू बोल."

"मराठीत बोलतेय. हळू कशाला?"

काउंटरवर त्याची बायको एका गोऱ्या जोडप्याला छोटा लोटा गुंडाळून देत होती. गुंडाळण्याआधी तिने बरणीतून चिमूटभर तांदूळ काढले, लोट्यात टाकले आणि छातीवर हात ठेवून काही बोलली. जोडप्याने "आऽ" केलं.

"आता ही काय म्हणाली?"

"की आमच्या बेटावर भांडं रिकामं देत नाहीत. हजारो वर्षांची चाल आहे."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. नानांचे तांदूळ. ज्यांच्यामुळे गिऱ्हाईक नानांच्या डोळ्यांत बघायचं, ते इथे सुतळी आणि कागदाबरोबर फुकट. दिवसभर मी बघितलं. जो येईल त्याला चिमूटभर. पुन्हा कधीही न येणाऱ्याला, "पुन्हा या." संध्याकाळपर्यंत बरणी तळाला लागली तेव्हा तिने पिशवीतून पुन्हा भरली. नऊ दिवसांत मी ते इतक्यांदा पाहिलं की तांदूळ दिसले की मी तोंड फिरवायला लागले.

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो. दुकानातच, दार लावून.

"नानांनी तुझे गडू चपटे केले ते बरंच केलं," मी म्हटलं. "तेव्हाही हेच करत होतास."

"हे गडू नाहीत. प्रत्येक भांडं मठारलेलं आहे. बघ ना, पालथं करून बघ."

"बघितलं. ठोका आपला, पाटी त्यांची. दुसऱ्याच्या बापाची ऐरण सांभाळतोस आणि स्वतःच्या बापाची भंगारात जाते आहे."

त्याने एक भांडं सुलटं करून फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "त्या बापाने मला हाताला धरून बसवलं. आपल्याने काय म्हटलं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. दसऱ्याला त्या जागेत स्टीलचे डबे लागणार आहेत, तेही ठाऊक आहे. येणार आहेस का?"

"नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हे बेट बंद असतं," तो म्हणाला. "एक कुत्रं फिरकत नाही."

"मी हवापाणी विचारलं नाही."

"ताई, जे सांगायचंय ते नानांना सांगीन. तुला सांगितलं की तू लिहून घेणार."

आणि हे खरं होतं. माझ्या हातात वही होती.

शेवटचे तीन दिवस सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो ऐरणीवर बसायचा. एक तपेली घडवत होता. जाड पत्रा, बसका तळ, काठ जरा बाहेर वळलेला. असलं भांडं कोणताही पर्यटक घेणार नाही. नेताना खांदा निखळेल. आतून कल्हई त्याने स्वतः केली. निघायच्या दिवशी धक्क्यावर त्याने ती मला दिली, तोंडाला फडकं बांधून.

"नानांच्या हातात दे. जशी आहे तशी."

"आणि उत्तर?"

"तपेली दे म्हणजे झालं."

"ही काय उत्तर द्यायची पद्धत आहे?"

"आपल्या घरची आहे," तो म्हणाला. बोटीने भोंगा वाजवला. बायकोने माझ्या हातात भाकरीसारखं काहीतरी कोंबलं. "ताई, खा."

बोटीवर बसल्याबसल्या मी फडकं सोडलं. आत तांदूळ. दोन मुठी असतील. मी बोटं घालून तळापर्यंत चाचपलं, चिठ्ठी आहे का बघायला. नव्हती. म्हणजे नऊ दिवस जो तमाशा पाहिला तोच, जरा मोठ्या मापाने. सख्ख्या बहिणीला दुकानातला माल, आणि वर दुकानातलीच युक्ती. मला इतका संताप आला की शेजारच्या बाईने जागा बदलली.

आणि सामानाचंही बघायला हवं होतं. विमानाला वजन मर्यादेबाहेर जात होतं. तपेली एवढी मोठी, ती रिकामी नेणं म्हणजे जागा वाया. तांदूळ भरून नेणं म्हणजे मूर्खपणा. नाशिकला तांदूळ न्यायचे? आमची गाडी इगतपुरीला थांबते तेव्हा दोन्ही बाजूंना दुसरं काय दिसतं? मी उठले, कठड्याशी गेले आणि तपेली समुद्रात पालथी केली. पांढरे पक्षी ओरडत आले. मग तिच्यात मेतकुटाची बरणी, मोजे आणि औषधाच्या बाटल्या नीट बसवल्या. अगदी मापात बसल्या. मला समाधान वाटलं.

घरी आल्यावर तपेली मी चिंचेने घासली, धुतली, पुसली. माझ्याकडून कोणतीही वस्तू अस्वच्छ जात नाही. मग दुकानात नेऊन नानांच्या पुढ्यात ठेवली.

"तोंड बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. पोट सुटलंय. दात ठीक आहेत. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ही दिलीय तुम्हाला."

नानांनी तपेली आधी पालथी केली. तळाच्या मध्यावर अंगठा टेकवला आणि ओळीओळीने काठापर्यंत आणला. "हात गेला नाही त्याचा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला मी त्याआधी कधी पाहिला होता ते आठवत नाही. मग त्यांनी ती सुलटी केली आणि आत बघितलं. हात घातला. तळावरून बोटं फिरवली आणि बोटांकडे बघितलं.

"स्वच्छ घासून आणलीय," मी म्हटलं.

"दिसतंय."

"बोलला मात्र काही नाही."

"बोलला की," नाना म्हणाले, आणि तपेली फळीवर ठेवली, मागच्या बाजूला.

मला वाटलं, म्हातारपण. मी यादीतल्या पहिल्या प्रश्नापुढे "उत्तर दिले नाही" असं लिहिलं आणि वही मिटली.

दसऱ्याला नानांनी ऐरणीला आणि हातोड्यांना हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला म्हणाले, "घे." ऐरण चार माणसांनी उचलून हातगाडीवर टाकली. हातोडे भंगारवाल्याने पोत्यात भरले. नाना समोरच्या ओट्यावर बसून बघत होते, मी विचारलं काही ठेवायचंय का, तर म्हणाले, "कोणासाठी?" तपेली तेवढी घरी आली.

डिसेंबरात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दारात रिक्षा थांबली. भाऊ उतरला. एक बॅग, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक हातोडा. मला म्हणाला, "सरळ दुकानातच गेलो होतो, ताई. तिथे डबे आहेत."

नाना आतून आले. दहा वर्षांनी बाप-लेक समोरासमोर, आणि मधे मी.

"आलास कशाला?" नाना म्हणाले.

"कशाला म्हणजे? सांगितलं होतं ना. हिवाळाभर येईन म्हणून. मार्चपर्यंत बसेन तुमच्याजवळ, मग पुन्हा पुढच्या हिवाळ्यात."

"कधी सांगितलंस?"

"तांदूळ घातले होते, नाना. दोन मुठी. तुमच्या मापाने."

नानांनी फळीवरच्या तपेलीकडे बघितलं. भावाने माझ्याकडे बघितलं. सबबी माझ्याजवळ होत्या: विमानाचं वजन, नऊ दिवस पाहिलेली ती बरणी. मी म्हटलं, "मी टाकले. समुद्रात."

"का?"

माझ्याआधी नानांनीच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. "हिच्या पिशवीत जागा नव्हती."

भाऊ हसेल असं वाटलं होतं, समुद्रकिनाऱ्यावर हसला तसा. तो हसला नाही. टॉवेलात गुंडाळलेला हातोडा त्याने कोपऱ्यात ठेवला आणि पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्यांकडे फिरले. सगळ्यांची यादी केली आणि एकेक पिंजून काढला. ऐरण मालेगावकडे गेली म्हणाला एक, वितळली म्हणाला दुसरा. तीन हातोडे मिळाले. नानांनी हातात घेतले आणि म्हणाले, समोरच्यांचे आहेत. मी ते परत करून आले.

भाऊ मार्चपर्यंत राहणार होता. ऐरणीवाचून तीन आठवडे राहिला. दोघं ओट्यावर बसायचे. नाना बोटाने हवेत ठोके दाखवायचे, हा बघायचा. मी दवाखान्यातून यायचे तेव्हा गप्प व्हायचे. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायचा माझा हक्क उरला नव्हता.

निघायच्या दिवशी मी सवयीने त्याची बॅग भरायला घेतली. नानांनी फळीवरून तपेली काढली. कोठीत जाऊन स्वतःच्या हाताने इगतपुरीचे तांदूळ घातले, एक मूठ, मग दुसरी. तोंडाला फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि तपेली माझ्या हातात न देता मुलाच्या हातात दिली.

"बॅग तो भरेल," ते मला म्हणाले. "तू फक्त लिहून घे."

मी बाजूला झाले, वही उघडली आणि लिहिलं: तपेली एक, तांदळासकट.